कोपऱ्यातली सही

चित्रकार सही कशी करतो, हे बघत बसायला मला आवडतं. चित्र झपाझप उतरतं, पण सहीपाशी आल्यावर हात थबकतो. रवी परांजपे आमच्या बेळगावचे, के. बी. कुलकर्णींचे विद्यार्थी. त्यांचा विषय निघाला की इथली माणसं अजून ‘आपले परांजपे’ म्हणतात. नाव ठाऊक असलं की हक्क सांगता येतो. शहापूर-वडगावातल्या मागावर बसणाऱ्याच्या नशिबी तेही नाही. पदर कितीही देखणा उतरो, पिशवीवर नाव दुकानदाराचं.

कॉमिकवाल्यांची गत बराच काळ अशीच होती. अमेरिकन चित्रकार रमोना फ्रेडन १९५१ पासून ‘अ‍ॅक्वामॅन’ हा कॉमिकमधला नायक काढत, पण त्या काळी अमेरिकेत अशा अंकांवर चित्रकाराचं नाव सहसा छापतच नसत. समुद्रातल्या त्या दांडगटावर जीव टाकणाऱ्या पोरांना त्याचे दंड एक बाई रेखते हे कळणार कुठून? गंमत म्हणजे बाईंना हाणामारीत फारसा रस नव्हता; ओढा सगळा विनोदाकडे. म्हणूनच लेखक बॉब हेनींबरोबर त्यांनी घडवलेला मेटामॉर्फो मला जास्त त्यांचा वाटतो. अंगाचं कुठलंही रसायन करणारा, चट्ट्यापट्ट्यांचा, अगदीच बेढब गडी! तो नुकता चालायला लागला आणि बाईंनी लेकीसाठी काम सोडलं. परतल्या त्या सत्तरच्या दशकात. (नवरा डाना फ्रेडन हाही व्यंगचित्रकार. लेकीपायी त्यानं ब्रश ठेवला असता का, असा खवचट प्रश्न मला पडतोच.)

पुढे १९८० ते १९९५ त्यांनी ‘ब्रेंडा स्टार’ ही बातमीदार बाईची वर्तमानपत्रातली मालिका काढली. रोज चार ओळींच्या जागेत माणसं, टेबलं, टेलिफोन, शिवाय बोलण्याचे फुगे मावायचे, आणि उद्या पुन्हा तेच. ही मालिका १९४० मध्ये सुरू करणारीही बाईच, डालिया मेसिक. बाईचं नाव दिसलं की संपादक दाद देत नाहीत हे बघून तिनं स्वतःला ‘डेल’ करून घेतलं होतं. एकीचं नाव छापलंच नाही, दुसरीनं पुरुषी वाटेल असं घेतलं.

जानेवारी २०२४ मध्ये फ्रेडनबाईंनी निवृत्ती जाहीर केली, वयाच्या ९७ व्या वर्षी. फेब्रुवारीत गेल्या. आमच्याकडे साठीला शाल-नारळ मिळाला की माणूस कट्ट्यावर स्थिरावतो.

हे सगळं मी टिळकवाडीतल्या भाचीला सांगत होते. ती टॅबवर कॉमिक काढते. नायिका रिक्षावाली आणि भांडकुदळ. ऐकता ऐकता तिनं कोपऱ्यात मराठीत नाव लिहिलं, खाली कन्नडमध्येही लिहिलं.

‘‘दोन-दोन कशाला गं?’’

‘‘असू दे की मावशी. एक कुणी खोडलं तर दुसरं हाय!’’