दुःखाच्या घरी शेजाऱ्याने काय करावं

वाई, फलटण, बार्शीसारख्या गावांत कुणी गेलं की कामं वाटून द्यावी लागत नाहीत. एक जण बांबू, मडकं, गोवऱ्या आणायला निघतो, दुसरा स्मशानात लाकडांचं बघतो, शेजारच्या घरी भाकऱ्या सुरू होतात. अंत्ययात्रा पुढे जाईपर्यंत दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीतही माणसं हळवीच असतात, पण "काही लागलं तर सांगा" म्हणून थांबतात. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना काय लागणार, हे सांगायचं भान कुठून असणार? तेव्हा विचारत बसू नका, एकेक काम अंगावर घ्या.

आधी गेट. भेटायला येणाऱ्या प्रत्येकासाठी व्हिजिटर ॲप त्या घरच्याच फोनवर परवानगी मागतं. पन्नास माणसं आली तर फोन पन्नासदा वाजतो. वॉचमनला सांगून त्या दिवसापुरती माणसं थेट सोडायला लावा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का, हे शववाहिका यायच्या आधी बघा. मावत नसेल तर जिन्यातून उतरवायला चार दणकट माणसं हवीत. डॉक्टरांच्या दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी ताडून घ्या. एका अक्षराची चूक पुढे बँकेत आणि विम्यात फार छळते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते.

घरात चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी. 15 माणसांना अर्धा किलो बेसन पुरतं, 30 भाकऱ्यांना अडीच-तीन किलो पीठ लागतं. गरम भाकऱ्या डब्यात कोंबल्या की घाम सुटून चिकट होतात. सुती कापडात गुंडाळा. पहिल्या दिवशी पाच घरचे डबे येतात आणि चौथ्या दिवशी एकही नाही, असं सोसायटीत हमखास होतं. गावात भावकी दहा दिवसांचे वार लावून घेते, तसे मजल्यावरच्या घरांनी लावावेत. घरात मधुमेहाचं वयस्कर माणूस असेल तर त्याचं ताट गोळीच्या वेळेवर, सगळ्यांच्या आधी. गर्दीत नेमकं त्याचंच जेवण राहून जातं.

भेटायला गेलात तर पंधरा-वीस मिनिटं बसा. "कसं झालं?" हे खोदून विचारू नका, दिवसभर तेच सांगून घरच्यांचा घसा सुकलेला असतो. चहाची वाट पाहायची नाही. निघताना "येतो" म्हणत नाहीत, नुसतं उठायचं; शहरात वाढलेल्या मुलांना हे आधी सांगून न्या. डब्यांवर नाव चिकटवा आणि रिकामे डबे आणायला आपणच जा.