आमची वाटचाल : साधी कर्दळ आणि तिची नावं

"ताई, हे त आपली कर्दयच हाय ना बाप्पा! याचे पैसे काऊन दिले?" २०१६ च्या एप्रिलमध्ये कर्दळीच्या कंदांचं पहिलं पार्सल फोडताना आमचे माळीकाका म्हणाले होते.

त्याच्या आदल्या वर्षी मला आयरिस या फुलझाडाचा नाद लागला होता. थंड हवेच्या भागातून कंद मागवले. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, कंदाची पाठ उन्हाला उघडी ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात ती पाठ चक्क भाजून निघाली आणि उरलेले कंद जुलैत कुजले. एक-दोन तगले, पण दाढीवाल्या (पाकळीवर केसांचा झुपका असलेल्या) आयरिसला फुलायला खरी थंडी लागते. आपल्या डिसेंबरातल्या चार गार रात्रींवर तिचं भागत नाही.

काटोल रोडवरच्या आमच्या अर्ध्या एकराची काळी माती पाणी धरून ठेवते. आयरिसला ती नडली, कर्दळीला मानवली. युरोपात थंडीआधी कर्दळीचे कंद खणून तळघरात ठेवतात, इथे ते बारा महिने जमिनीतच. मृगात लावलेला दोन-तीन डोळ्यांचा तुकडा नवरात्रापर्यंत फुलतो.

लावणं सोपं, ओळखणं नाही. 'वायोमिंग' म्हणून आलेले कंद आम्ही त्याच नावाने विकले. ही १९०६ सालची अमेरिकन जात, तांबूस-काळपट पान आणि नारिंगी फूल. आमच्याकडे फुललं लालभडक. सहा गिऱ्हाइकांना पैसे परत केले. तेव्हापासून फुलल्याशिवाय नावाची पाटी नाही. आपण जिला पाकळी म्हणतो तो कर्दळीत खरा वांझ पुंकेसर असतो. खऱ्या पाकळ्या अरुंद, मागे दडलेल्या. त्यामुळे फूल उलटं करून बघावं लागतं.

सगळ्यात जास्त छळलं 'क्लिओपात्रा'ने. हिरव्या पानावर तांबूस पट्टे, पिवळ्या फुलावर लाल ठिपके, आणि मधूनच अर्धं फूल लाल! एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी नांदतात. कंद कापताना डोळ्यात तांबूस पेशी आल्याच नाहीत, तर नुसतंच पिवळं फूल येतं. गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. आता आम्ही पट्टा असलेल्या खोडाचाच तुकडा देतो, तरी हमी देत नाही.

२०१९ मध्ये एका पार्सलसोबत रोग आला. कोवळ्या पानांवर शिरांच्या कडेने फिकट पिवळे फराटे. मला वाटलं, 'स्ट्रायटा'सारखी पट्टेरी जात असेल. लोकांनाही ती आवडली, हेच वाईट. पण स्ट्रायटाचे पट्टे मधल्या शिरेपासून कडेपर्यंत सलग जातात, हे तुटक होते. विषाणूला औषध नाही. अख्खा वाफा उपटून जाळला, वर्षभराची कमाई गेली. आता नवं पार्सल एक हंगाम वेगळं कुंडीत, आणि त्याची सुरीही वेगळी.

सध्या आमच्याकडे एकोणीस जाती नावासह आणि अकरा बिननावाच्या आहेत. त्यातली माझी लाडकी सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यामागे, नळापाशी सापडली. फिकट पिवळी, पातळ. सकाळी टवटवीत, अकराला लोंबलेली. पाटीवर लिहिलंय, 'नाव माहीत नाही, नळाजवळची'. माळीकाका तिला 'नयाची' म्हणतात. यंदा तिघांनी फोन करून विचारलं, "ती नळाची आहे का?"