फॉर्च्युनर ३.० : दोन लाख किलोमीटरनंतरची कामं आणि बिलं

गाडी टोयोटाची फॉर्च्युनर, पहिली पिढी, २०१२ ची, मॅन्युअल, फोर बाय फोर. इंजिन १केडी-एफटीव्ही, २९८२ सीसी, १७१ पीएस, ३४३ न्यूटन मीटर. काटा दोन लाखांच्या पुढे. रत्नागिरीहून साडेनऊ लाखांना घेतली, आता मुक्काम कोल्हापूर. ही पिढी आपल्याकडे २००९ च्या ऑगस्टमध्ये आली आणि २०१६ अखेर दुसरीने तिची जागा घेतली. म्हणजे बाजारात जी काही मिळेल ती जुनीच. त्यामुळे 'चांगली कंडिशन' म्हणजे नक्की काय, हे गाडीखाली झोपूनच ठरवायचं.

वरवर दिसणाऱ्या तक्रारी चार होत्या. खड्ड्यात पुढून खडखड, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंगला थरथर, टकले टायर आणि चेसिसला गंज. मिस्त्रींनी सुरुवातीला यातल्या एकीलाही हात लावला नाही. म्हणाले, "साहेब, वाजतंय ते वाजू दे. आधी चेंबर खोलूया." चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं.

इंजिन

हे काम सविस्तर लिहितोय, कारण १केडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं माझं ठाम मत आहे. या इंजिनात इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे भाग, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) आत बसतात. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वायसर असतो. तो दबून निकामी झाला की सिलिंडरमधला जळका वायू वर गळतो. बाहेर गळला असता तर काळा डाग दिसला असता, आवाज आला असता. इथे तो आतल्या आत ऑइलमध्ये मिसळतो. काजळीने ऑइल घट्ट होतं, त्याचा डांबरासारखा थर चेंबरमधल्या पिकअपच्या, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या, जाळीवर चढतो आणि पंपाला ऑइल मिळेनासं होतं. ऑइलचा लाल दिवा पेटतो तोवर बेअरिंग गेलेली असतात. मग पुढचा आकडा लाखांत.

म्हणून खालचा पत्र्याचा चेंबर उतरवून जाळी बघायची. माझ्या गाडीत जाळीचा साधारण तिसरा भाग बुजला होता. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं होती, पण ऑइल बदलण्यातलं अंतर बघून कारण लगेच कळलं. जाळी धुतली, चारही वायसर आणि सील नवे टाकले. इंजेक्टरचे पाइप एकदा सोडले की तेही नवे टाकायचे, तिथे काटकसर नको.

उघडण्याआधी स्कॅनर लावून चारही सिलिंडरचे फीडबॅकचे आकडे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलमध्ये इंजिनचा कॉम्प्युटर करत असलेली दुरुस्ती, घेतले होते. गरम इंजिन आयडलला असताना हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. प्लस किंवा मायनस तीनच्या पलीकडे गेला की तो इंजेक्टर संशयित. माझे दोन काठावर होते, ते रिकंडिशन करून घेतले. नवा इंजेक्टर पाच आकडी रकमेचा आणि लागतात चार, म्हणून गाडी घेण्याआधी स्कॅनरवाल्याला दिलेले हजार-बाराशे वसूल होतात. ऑइल कॅप काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून वर येणारा वायू, बघणं ठीकच, पण वायसरची गळती तिथून खात्रीने कळत नाही. थंड इंजिन सुरू करताना टॅपेट कव्हरजवळ 'चफ चफ' ऐकू येतं का, त्याकडे कान ठेवा. व्यवहाराच्या दिवशी गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

ऑइल जवळपास सात लिटर लागतं. फिल्टर, वायसर, सील, पाइप, दोन इंजेक्टर आणि मजुरी धरून ४२,००० रुपये.

टायमिंग बेल्ट

मीटरवर बेल्टचा दिवा असतो. तो बंद असला म्हणजे बेल्ट बदललाय असं नाही, कारण दिवा रीसेट करणं दोन मिनिटांचं काम आहे. बिल असेल तरच खरं मानायचं. बिल नव्हतं, त्यामुळे बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि हाताबरोबर वॉटर पंप, सगळंच नवं : २१,००० रुपये. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते.

पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक

आता ती खडखड. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, डावा बॉल जॉइंट ढिला. बुश प्रेसवर मारून घेतले, दोन्ही बॉल जॉइंट बदलले, अलाइनमेंट केली. १९,००० रुपये. पूर्ण आर्म घेण्याचा आग्रह होईल. आर्म वाकलेला नसेल तर गरज नाही. घेताना ज्या आवाजाला घाबरून मी पन्नास हजार कमी करून मागितले होते, त्याचा खर्च हा एवढाच. उलट जो बिघाड गप्प होता त्याचं बिल दुपटीहून जास्त आलं. जुन्या मोठ्या डिझेल गाड्यांत हा हिशोब मला वारंवार असाच दिसतो, म्हणून घासाघीस करताना आवाजावर भर द्यावा आणि तपासताना ऑइलवर.

ब्रेकची थरथर डिस्कमुळे. जवळपास दोन टनांची गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि आंबा घाट उतरताना चौथ्या गिअरात ब्रेकवर पाय ठेवून येणारे चालक. डिस्क तापून वाकडी होणारच. उद्यमनगरात लेथवर डिस्क घासून मिळते आणि कामही उत्तम होतं, पण डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती आधी व्हर्निअरने मोजा. माझ्या डिस्क त्या आकड्याला टेकल्या होत्या. घासल्या असत्या तर आणखी पातळ होऊन लवकर तापल्या असत्या. नवी जोडी, पॅड, कॅलिपर किट आणि ब्रेक ऑइल : २३,००० रुपये. आता घाट तिसऱ्यात उतरतो.

टायर २६५/६५ आर १७, चार मिळून ६२,०००. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त गाडीची किंमत ठरवताना स्टेपनीसकट सगळ्या टायरच्या तारखा बघा.

गंज

किनाऱ्यावरची गाडी असल्याने यावर माझा सर्वांत जास्त जीव अडकला होता. लॅडर फ्रेम, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, असल्याने बॉडी चकचकीत करून विकता येते, फ्रेम मात्र खरं बोलते. मागच्या चाकांच्या वरचा भाग, क्रॉस मेंबरचे जोड आणि बॉडी माउंटच्या कानांजवळ हातोडीने टकटक करत गेलो. टणक आवाज आला तर गंज वरवरचा, बसका आला तर पत्रा खाल्लेला. सुदैवाने सगळं वरवरचं निघालं. धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि आतल्या पोकळीत मेणाचा फवारा : १४,००० रुपये. नुसता काळा रबरी कोट मारून घेऊ नका. ओल्या गंजावर तो मारला की आत गंज निवांत वाढतो आणि पुढच्या खरेदीदाराला काही दिसत नाही, जे काही विक्रेत्यांना हवंच असतं.

आतापर्यंतची बेरीज १,८१,००० रुपये.

बाकी

स्टिअरिंग रॅकच्या उजव्या बुटात (रबरी आवरणात) ऑइल उतरतंय. नवा रॅक परवडत नाही, रिपेअर किट टाकून बघणार. मागच्या एसीची कॉइल अजून धरून आहे. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारलं, हे ऑइल बदलताना दर वेळी करून घ्या, पैसे जवळपास लागत नाहीत.

कागदांचं म्हणाल तर २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील. फिटनेस, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि वर पर्यावरण कर, हे आत्ताच बाजूला धरलंय. दिल्लीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून काही जणांनी विचारलं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवरच्या निर्बंधांमुळे भाव पडला आणि गाड्या इकडे आल्या, त्यात चांगल्याही आहेत. पण एनओसी, इथला रस्ता कर आणि काट्याचा खरेपणा या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय टोकन देऊ नका.

पुढचं काम ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं. ही फुलटाइम फोर बाय फोर आहे, पण लो रेंज (अवघड चढ-चिखलासाठीचे जास्त जोराचे गिअर) बहुधा वर्षानुवर्षं कुणी टाकलेलीच नाही, लिव्हर एलएलकडे, म्हणजे लो रेंजच्या खुणेकडे, जायला तयार नाही. आधी तिन्ही ऑइलं, म्हणजे ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफ्रन्शियलची, बदलून घेतो. त्यानेही लिव्हर नाही सुटली तर लिंकेज, म्हणजे तिची खालची जोडणी, उतरवावी लागेल. कुणी हे काम केलं असेल तर कोणता बुश लागला ते कळवा.