विहिरीचं पाणी, आप्पांचं बीपी आणि ४.४३

मार्चमध्ये ताई बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे आमच्याकडे, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात. दूध पुरेना म्हणून दीड महिन्याच्या बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. ते कालवायला आई विहिरीचं पाणी चांगलं वीस मिनिटं उकळून घ्यायची. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तपासणीचं किट घेऊन आला. नळीतल्या पाण्यात पुडी टाकली, हलवली, आणि बघता बघता पाणी गुलाबी झालं. तक्त्यावरच्या ४५ च्या, म्हणजे मर्यादेच्या खणापेक्षाही गडद.

"नायट्रेट आहे. बाळाला देऊ नका."

"टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकली तर?" आईने विचारलं.

"त्याने जंतू मरतात. हे नाही जात."

उकळूनही जात नाही. नायट्रेट म्हणजे खतांतूनही झिरपणारा, पाण्यात विरघळलेला नायट्रोजनचा क्षार; पाणी आटतं, तो तिथंच राहतो, म्हणजे आई रोज बाळासाठी तो आणखी दाट करत होती. अगदी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद यामुळे कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. त्या रात्रीपासून डॉक्टरांना विचारून बाटलीबंद पाणी आणलं.

आप्पांना मात्र यात काही वावगं दिसेना. त्यांचं बीपी तेव्हा १५० वर ९४, आणि मोबाईलवर कुठंतरी त्यांनी ऐकलेलं, की बीटातल्या नायट्रेटने बीपी उतरतं. "मग आपल्या विहिरीचं पाणी औषधच की!"

त्यांना खोडून काढायला म्हणून मी वाचायला बसलो आणि पंचाईत झाली, कारण बीटाचं खरं होतं. लंडनमध्ये २००८ साली निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस पाजला, तर वरचा आकडा साधारण १० ने उतरला. २०१५ मध्ये बीपीच्या रुग्णांना रोज २५० मिली रस चार आठवडे दिला, तेव्हा ७-८ ने. जिभेवरचे जिवाणू नायट्रेटचं नायट्राईट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साईड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. आणि नायट्रेट विहिरीतलं काय, बीटातलं काय, रेणू एकच.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका खासगी प्रयोगशाळेत नमुना नेला. मोटार दहा मिनिटं चालू ठेवायची, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग भरून त्याच दिवशी पोचवायची. चार दिवसांनी अहवाल आला: १८.६.

"४५ च्या आतच आहे!" आप्पांनी कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून टाकला. मलाही हायसं वाटलं. पण मग किट इतकं गुलाबी का झालं? दोन दिवसांनी जाता-येता नजर पडली, आकड्यापुढे बारीक अक्षरात 'एन' होतं. म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजला होता. फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "एकच असतं ते." एकच नसतं! नायट्रेटचा आकडा काढायला ४.४३ ने गुणावं लागतं. गुणाकार आला ८२. भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे ती नायट्रेटची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात सर्वांत जास्त नायट्रेटचे म्हणून देशातले १५ जिल्हे नोंदवले, त्यात जळगाव आहेच.

आप्पा उन्हाळ्यात शेतात साडेतीन लिटर पाणी सहज पितात. म्हणजे २८७ मिलिग्रॅम. रोजची सुरक्षित मात्रा किलोमागे ३.७ धरतात, आप्पांच्या ६४ किलोंना २३७.

"बीटाच्या रसाच्या जवळपास आलो की!" आप्पा डॉक्टरांसमोरही हटेनात.

डॉक्टरांनी सांगितलं, की पालेभाजीत नायट्रेटच्या जोडीला क जीवनसत्त्व असतं, ते नायट्रोसामाईनसारखी घातक द्रव्यं तयार व्हायला अडवतं. विहिरीच्या पाण्यात ती सोबत नाही. शिवाय पाण्यातल्या नायट्रेटने मोठ्या माणसांचं बीपी चढतं की उतरतं, याबद्दल अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि आप्पा, चाळीस वर्षं हेच पाणी पिताय ना? मग दीडशे कशाला झालं असतं?"

आप्पा गप्प. एवढे गप्प मी त्यांना केळीचा भाव पडल्यावरच पाहिलेत.

खरी झडती झाली ती मिठाची. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. आमच्याकडे शेवभाजी, वर पापड, वर लोणचं. गोळी सुरू झाली, सात दिवस सकाळ-संध्याकाळ बसून बीपी मोजून लिहायचं ठरलं. दोन महिन्यांनी सरासरी १३४ वर ८४ आली. श्रेय गोळीचं की मिठाचं, यावरून आई आणि आप्पांचं अजून जुंपतं. पालक, बीट चालूच आहे.

पिण्यासाठी आरओ बसवला. नंतरच्या तपासणीत नायट्रेट ९ भरलं. त्याचं टाकाऊ पाणी आणखी खारं आणि नायट्रेटने भरलेलं असतं, म्हणून गुरांच्या हौदात न सोडता केळीकडे वळवलंय.

त्यावरूनच आप्पांनी एके रात्री कागद-पेन मागितलं. विहिरीच्या पाण्यात लिटरला १८.६ मिलिग्रॅम नायट्रोजन, तर केळीला दिलेल्या दहा लाख लिटरला १८.६ किलो. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे झाला ४० किलो युरिया. गोणी ४५ किलोची.

"अरे, मी पैसे देऊन युरिया टाकतोय आणि विहीर तेच फुकट परत देतेय," म्हणाले, आणि यंदाच्या खताच्या यादीतल्या युरियाच्या आकड्यावर काट मारली.