रोधकातून वीज कशी जाते? तुम्ही विचारलंत म्हणून

पातळ ऑक्साइड थरांतल्या विद्युतवहनावर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'ऑक्साइड म्हणजे रोधक (इन्सुलेटर), त्यातून वीज जातच नाही, मग त्यात शोधायचं काय?' तुम्हीही तेच विचारलंत.

वीज अडवणं हा एकट्या पदार्थाचा गुण नाही, तो जाडीवर आणि विद्युतक्षेत्रावरही ठरतो. सिलिकॉन डायऑक्साइडचा 10 नॅनोमीटरचा थर घ्या, त्यावर 10 व्होल्ट लावा. क्षेत्र होतं सेंटिमीटरला 1 कोटी व्होल्ट. हवेत साधारण 30 हजारांतच ठिणगी पडते. एवढ्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनपुढची ऊर्जेची भिंत तिरपी होऊन अरुंद होते आणि ती ओलांडण्याइतकी ऊर्जा नसलेले इलेक्ट्रॉनही तिच्या आरपार जातात. हे टनेलिंग. फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी 1928 मध्ये धातूतून निर्वातात सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी मांडलेलं गणित इथेही लागू पडतं. पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी माहिती ऑक्साइडच्या आड साठवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात ठेवते आणि ती याच वाटेने पुसली जाते. व्होल्टेज काढलं की भिंत पुन्हा रुंद, आणि आत साठलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं तिथेच. मात्र दर खेपेला ऑक्साइडमध्ये थोडे दोष वाढतात, म्हणून या मेमरीला आयुष्याची मर्यादा आहे.

दोषांमुळे आणखी एक वाट उघडते. दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटतात आणि क्षेत्र त्यांना सुटायला मदत करतं. फ्रेंकेलने हे 1938 मध्ये मांडलं. दोन्ही वाटा वेगळ्या ओळखायच्या तर नमुना द्रव नायट्रोजनने थंड करायचा. टनेलिंगचा प्रवाह फारसा हलत नाही, दुसरा झपाट्याने घटतो. ही चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यापुढे नुसतं प्रवाह-व्होल्टेजच्या वक्राला जुळणारं समीकरण टिकत नाही.

माझा खरा जीव अडकलाय तो ॲल्युमिनियम, त्याचा ऑक्साइड आणि वर अगदी पातळ सोनं अशा रचनेत. व्होल्टेज लावलं की ॲल्युमिनियममधले इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून सोन्यात येतात. बहुतेक सोन्यातच ऊर्जा गमावतात, पण थोडे सोनं पार करून निर्वातात बाहेर पडतात, तेही तापलेल्या फिलामेंटशिवाय. कार्व्हर मीडने ही कल्पना 1960 मध्ये मांडली. 1962 मध्ये हिकमॉटने दाखवलं, की असे थर पुरेशा व्होल्टेजने एकदा 'घडवले' की प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो आणि मग एका टप्प्यानंतर व्होल्टेज वाढवलं तर उलट कमी होतो! असा थर घडताना आत वाहक तंतू तयार होतात, असं मानणारे बरेच आहेत. मलाही ते पटतं. पण बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन त्या तंतूंतूनच येतात की त्यांच्या काठावरून, हे मला मोजायचंय.