मुलाला गुलाबी कसे चालेल?

इंग्लंडमधल्या लीड्सहून साताऱ्याला जाताना माझ्या बॅगेतील सर्वांत जास्त जागा लहान मुलांचे कपडे अडवतात, कारण घरच्यांची मागणीच तशी असते आणि इथल्या सुती कपड्यांची शिवण पाहता ती रास्तही आहे. खरी अडचण दुकानात येते. मुलींचा विभाग गुलाबी आणि जांभळा, त्यावर फुलपाखरे, मांजरे आणि चमकी. मुलांचा विभाग निळा, करडा आणि लष्करी हिरवा, त्यावर डायनोसॉर आणि ट्रॅक्टर. शिवाय फरक रंगापाशीच थांबत नाही. एकाच वयाच्या दोन पँट शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मुलाच्या पँटला गुडघ्यावर दुहेरी कापड आणि मूठ मावेल एवढा खिसा होता. मुलीची पँट पातळ, पायाला घट्ट आणि खिशाच्या जागी नुसती शिलाईची रेघ. किंमत मात्र सारखीच!

इथल्या अनेक पालकांनाही हे खटकते. २०१७ मध्ये क्लार्क्स या जुन्या कंपनीने मुलींच्या शाळेच्या बुटाला ‘डॉली बेब’ आणि मुलांच्या बुटाला ‘लीडर’ असे नाव दिल्याचे लोकांच्या लक्षात आले, टीकेची झोड उठली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच सुमारास जॉन लुईस या दुकानसाखळीने स्वतःच्या बालकपड्यांवर ‘मुलांसाठी’ किंवा ‘मुलींसाठी’ अशी वेगळी लेबले लावणे बंद केले, तेव्हा कौतुक करणाऱ्यांइतकेच चिडणारेही निघाले.

चिडणाऱ्यांना ही वाटणी अनादि काळापासूनची वाटते, पण तसे नाही. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधील बालपणीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते लांब केस आणि पांढरा झगा अशा वेशात बसलेले दिसतात, कारण त्या काळी लहान मुलगा असो वा मुलगी, उकळून धुता येईल असा पांढरा झगाच घातला जाई. जून १९१८ मध्ये तिथल्या एका व्यापारी मासिकाने तर गुलाबी रंग ठाशीव म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना शोभतो, असा सल्ला दिला होता. आजची घट्ट वाटणी १९८० च्या दशकात पक्की झाली, त्याला सोनोग्राफीचा मोठा हातभार लागला: बाळ मुलगा की मुलगी हे आधीच कळू लागले आणि खरेदीला काही महिने मिळाले. थोरल्या बहिणीचे कपडे धाकट्या भावाला चालेनासे झाले की दुसरा संच विकला जातो, हे व्यापाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आणली, त्यामुळे डोहाळजेवणातल्या झाकलेल्या वाट्यांत पेढा निघतो की बर्फी, यापलीकडे अंदाज बांधता येत नाही. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे, बांधायच्या नाड्यांचे झबले आणि कुंची ही बाळाची पहिली वस्त्रे कुणालाही चालत. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला तर मुलगा-मुलगी दोघांनाही काळेच कपडे. भेद असला तर हलव्याच्या दागिन्यांत. आणि गुलाबीबद्दल बोलायचे, तर जोतिबाच्या यात्रेहून परतलेला गडी डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी असतो, निवडणूक जिंकलेला उमेदवार गुलालात ओळखू येत नाही आणि लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्यांच्या मिशांना त्यामुळे कधी बाधा आल्याचे ऐकिवात नाही.

तरीही गेल्या खेपेस भाच्याच्या बारशाला आत्या या नात्याने मी फिकट गुलाबी झबले नेले, त्यावर देवमाशाचे चित्र होते, तेव्हा वहिनी संकोचून म्हणाली, “ताई, कापड सुंदर आहे हो, पण मुलाला गुलाबी कसे चालेल?” आजीने झबले उलटे करून आतली शिवण बोटाने चाचपली आणि “टोचत नाही ना? मग घाला,” एवढेच सांगून ती घुगऱ्यांकडे वळली. झबले काही घातले गेले नाही. मोती चौकातून आधीच आणलेला निळा ‘बॉय सेट’ खोक्यात तयार होता आणि त्याच्या शेजारी दुकानात गुलाबी ‘गर्ल सेट’ही होता, असे मला नंतर कळले, म्हणजे इंग्लंडमधले काही दुकानदार जी पाटी उतरवू लागले आहेत, ती साताऱ्यात नव्याने चढते आहे.

गंमत अशी की, त्याच वहिनीने पुढच्या खेपेसाठी थोरल्या भाचीकरिता मुलांच्या विभागातील पँट मागितली आहे, कारण तिला चिंचोके ठेवायला खिसे हवे असतात. मुलीने मुलाचे कपडे घातले तर घरात सर्वांना कौतुक, आक्षेप काय तो उलट दिशेनेच. पँट मी घेऊन ठेवली आहे, गडद निळी, दोन्ही बाजूंना खोल खिसे असलेली, आणि ती पुढे धाकट्यालाही होईल.