पालक नेमका कशासाठी?

माझ्या पुतण्याला बौद्धिक अक्षमता आहे. तो अठरा वर्षांचा झाल्यावर बँकेने पालकत्वाचा दाखला मागितला, तेव्हा परभणीतील आमच्या नातेवाइकांचे एकमत झाले, की कागद एकदाचा करून टाकावा. मूल सज्ञान झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे खरे. परंतु म्हणून त्याचे सगळेच निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यावेत, हे मला पटले नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. पालक खरोखर लागतो का आणि कोणत्या कामांसाठी, हे समितीने आधी पाहावे, असे त्याच कायद्यात आहे. आमच्याकडे मात्र ‘सर्व कामांसाठी’ असे लिहायची तयारी झाली होती. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, हे कळल्यावर दोन काकांचा उत्साह जरा ओसरला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले पालकत्व मर्यादित आहे: ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयापुरते, आणि तेही त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्यासोबत मिळून. पुतण्या बाजारात भजी घेऊन शंभराची नोट देतो. परत आलेले पैसे त्याला मोजता येत नाहीत, पण ते हातात पडल्याशिवाय तो गाड्यापासून हलत नाही. त्याच्या रोजच्या खर्चाला दादांची देखरेख पुरते. शेतीच्या वाटणीला आणि फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याला, ती पुरणार नाही.

मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला लिहून देण्याचा, सल्लाही अनेकांनी दिला. परंतु ते करून देणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा लागतो, आणि पुढे त्याची समज हरपली की ते संपुष्टात येते. त्यामुळे विस्मरण वाढत चाललेल्या वृद्धांच्या बाबतीतही त्यावर फार काळ विसंबता येत नाही.

धाकट्या मुलाला पालक करावे, असे वहिनींचे म्हणणे आहे. तो जीव लावणारा आहे, पण वाटणीतला दुसरा हिस्सेदारही तोच आहे. आणि हितसंबंध आड येत असतील तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारापासून दूर राहावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. म्हणून जमिनीत हिस्सा नसलेल्या मामांचे नाव, तेही केवळ वाटणी आणि फेरफारापुरते, सुचवणारा अर्ज आम्ही सध्या तयार करीत आहोत.